कुंपण आणि शेत

वऱ्हाडातील कास्तकाराची ओळख एके काळी पटवाऱ्याच्या दप्तरात बंदिस्त असे. आज अमरावती-अकोल्यातील कपाशी-सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा सातबारा ‘ॲग्रिस्टॅक’ या शासकीय डिजिटल नोंदणीत त्याच्या आधारशी जखडला गेला असून, त्यातून मिळणारा ओळख क्रमांक राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषियोजनांच्या लाभासाठी अनिवार्य ठरला आहे. सोय निर्विवाद आहे. परंतु जिच्यावाचून अनुदानच मिळायचे नाही, तिला संमती म्हणावे काय?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणास मूलभूत अधिकार मानले, न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा दिला, आणि २०२३ च्या कायद्याने कसूरदारास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठरविला. तथापि त्याच कायद्याने अनुदानादी लाभांच्या कामी शासनास काही शर्तींवर नव्या संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा, आणि अधिसूचित शासकीय यंत्रणांना तर सूटच, देऊन ठेवली आहे.

म्हणून आमचे मागणे एवढेच, की आपली नोंद कोणी, केव्हा व कोणत्या कामी पाहिली, याचा मराठीतील रीतसर जबाब प्रत्येक खातेदारास मागता यावा. एरवी राखणीस घातलेल्या कुंपणानेच शेत खाल्ले, तर रयतेने फिर्याद कोणाकडे न्यावी?