माल की माणसं?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक छोटीशी परिषद भरली. विषय होता नातीची नोकरी. आमची नात वैमानिक झाली आहे. दोनशे तासांचं उड्डाण पुरं करून, सगळ्या परीक्षा देऊन, परवाना हातात घेऊन ती सात महिने घरी बसून होती आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता दारात उभा राहत होता. मग एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. आधी एकही नाही आणि आता दोन! देव देतो तेव्हा असं कोड्यात टाकूनच देतो.

पहिलं पत्र एका प्रवासी विमान कंपनीचं. निवड झाली आहे, पण रुजू होण्याची तारीख मागाहून कळवू. तूर्त तुमचं नाव यादीत आहे. दुसरं पत्र मालवाहतूक करणाऱ्या कंपनीचं. पुढच्या महिन्यापासून प्रशिक्षण, बोइंग ७३७ जातीचं मालवाहू विमान, आणि काम बहुतेक रात्रीचं.

मुलगा म्हणाला, "थांबू या. एवढे दिवस थांबलो, आणखी थोडे." सूनबाई जरा स्पष्टच बोलल्या, "लोकांना काय सांगायचं? मुलगी रात्री पार्सलं पोचवते म्हणून?" मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही घरातल्या वडीलधाऱ्याच्या थाटात निकाल देऊन टाकला, "बाळ, माणसं नेणं ते माणसं नेणं. त्याची सर मालाला नाही."

नातीने शांतपणे विचारलं, "का, आजोबा?"

पस्तीस वर्षं मी वर्गात मुलांना 'का' विचारायला शिकवलं, आणि घरच्या 'का'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींना मला सांगायचं होतं, की तुम्ही परवा ज्या विमानातून दिल्लीला गेलात ना, ते कदाचित माझ्या नातीने चालवलं असेल. पार्सलं कोणाला जाऊन असं सांगणार आहेत? म्हणजे माझा सल्ला तिच्या भल्यासाठी नव्हता, माझ्या मिरवण्यासाठी होता.

मग मी म्हटलं, मला पंधरा दिवस दे. मराठी माध्यमातून बी. ए. झालेला मी माणूस, वयाच्या साठीत पहिल्यांदा विमानात बसलो. पण शिकायला वय नसतं, हे दुसऱ्यांना सांगत आलो होतो. आता स्वतःवर वेळ आली. जे वाचलं आणि तिच्याकडून समजून घेतलं, ते इथे मांडतो.

पहिला मुद्दा प्रतिष्ठेचा. आपल्या देशातली विमानसेवा सुरू झाली तीच मुळी टपालाने. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं विमानाने नेली. ते जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल मानतात. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. त्यांच्या त्या इवल्याशा पस मॉथ विमानात प्रवासी एकही नव्हता, होत्या टपालाच्या थैल्या. ज्या एअर इंडियाचा आपण एवढा अभिमान बाळगला, तिची सुरुवात 'पार्सलं पोचवण्या'तच आहे.

आणि आपल्या नागपूरची गोष्ट तर अनेकांना ठाऊकही नसेल. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, एकमेकांच्या थैल्या बदलून घेत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परत जात. थोडे प्रवासीही असत, पण मुख्य धन टपालाचं. आमच्या लहानपणी मद्रासचं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत मिळायचं, त्यामागे कोणीतरी रात्रभर जागं होतं. ते कोण, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

तेव्हा प्रतिष्ठेचा मुद्दा मी वहीतून खोडून टाकला. परवाना तोच, परीक्षा त्याच, वैद्यकीय तपासणी तीच, आभाळही तेच. मागे माणसं आहेत की खोकी, याने पुढे बसलेल्याच्या कामात चूक करायची सवलत मिळत नाही.

दुसरा मुद्दा स्थैर्याचा. मुलाचं म्हणणं होतं की प्रवासी कंपनी म्हणजे पक्कं काम. मी त्याला यादी वाचून दाखवली. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज २०१९ च्या एप्रिलमध्ये थांबली, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. तिन्ही प्रवासी कंपन्या, तिन्ही नावाजलेल्या. उलट २०२० साली टाळेबंदीत २५ मार्चपासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं जमिनीवर होती, तेव्हा मालवाहू विमानं उडत होती. औषधं आणि वैद्यकीय सामान पोचवत होती. म्हणून माल सुरक्षित म्हणावं, तर तेही खरं नाही. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००९ मध्ये नागपूर केंद्र धरून 'डेक्कन ३६०' ही मालवाहतूक कंपनी काढली होती. ती दोन-तीन वर्षंही नीट टिकली नाही. शिवाय प्रवासी विमानाच्या पोटातही माल जातोच. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून करोनाची लस देशभर गेली, ती प्रवासी कंपन्यांच्याच विमानांनी. तात्पर्य, कंपनी कशाची वाहतूक करते यापेक्षा ती पगार वेळेवर देते का, हे बघावं.

तिसरा मुद्दा शिक्षणाचा. नव्या वैमानिकाकडे परवाना असतो, अनुभव नसतो. पुढे कॅप्टन व्हायचं तर जो वरचा परवाना लागतो, त्यासाठी १५०० तास हवेत. नातीच्या हाती दोनशे. देशातल्या प्रवासी कंपनीत दिवसाला तीन-चार फेऱ्या होतात, तेवढ्या वेळा विमान वर नेणं आणि खाली उतरवणं होतं. मालवाहू कंपनीत रात्री बहुधा एक जाणं, एक येणं. तिच्या अंदाजाने प्रवासी कंपनीत दीड-दोन वर्षांत जे तास होतील, त्याला इथे तीन वर्षं लागतील. हा तोटा खरा आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण विमानाची जातही बघावी लागते. प्रत्येक मोठ्या जातीच्या विमानासाठी वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी नोंद लागते. आपल्याकडे मालवाहतुकीत बोइंग ७५७ बरीच वर्षं आहे, पण ते विमान बनणं २००४ मध्येच थांबलं आणि देशातली कोणतीही प्रवासी कंपनी ते चालवत नाही. ते शिकून घेतलं तर तास जमा होतील, पण पुढे दार बदलायचं म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून नवं विमान शिकणं आलं. ७३७ चं तसं नाही. ते मालाकडेही आहे आणि माणसांकडेही. नातीच्या पत्रात ७३७ होतं. तिथे मला पहिल्यांदा त्या पत्राचं वजन कळलं.

आणि यादीत नाव असणं म्हणजे नोकरी नव्हे. आमच्या वेळीही शिक्षकांच्या प्रतीक्षा यादीत तरुणांची उमेदीची वर्षं गेली. उड्डाण हे हाताचं कसब आहे, ते बसून गंजतं. हप्ता मात्र गंजत नाही.

आता चौथा मुद्दा. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो लिहिताना मला त्रास झाला. तो म्हणजे रात्र.

माझे वडील लालबागला गिरणीत होते, साचाखात्यात. तिसरी पाळी, रात्री बारा ते सकाळी सात. आमची खोली दहा बाय बाराची. वडील सकाळी येऊन झोपत, तेव्हा आई खिडकीला गोधडी बांधायची आणि आम्हा चौघा भावंडांना बाहेर गॅलरीत हाकलायची. तरी चाळीत आवाज का कमी असतात? नळावरची भांडणं, कल्हईवाला, कोणाचा तरी रेडिओ. वडिलांना सलग चार तास झोप मिळाल्याचं मला आठवत नाही. त्यांचे लाल डोळे मला आठवतात, आणि विनाकारण मिळालेल्या चापट्याही. चिडका माणूस असंच आम्ही समजत आलो. तो झोपेचा भुकेला माणूस होता, हे मला फार उशिरा कळलं.

शास्त्रही तेच सांगतं. पहाटे साधारण दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर सर्वांत मंद असतं, कितीही सवय केली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीचा समावेश 'बहुधा कर्करोगाला कारण' अशा गटात केला आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तो कायम ठेवला.

अमेरिकेत २००९ मध्ये बफेलोजवळ एक प्रवासी विमान कोसळून पन्नास माणसं गेली. त्यानंतर तिथे वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम झाले, ते २०१४ च्या जानेवारीत लागू झाले. पण मालवाहू वैमानिकांना त्यातून वगळलं. कारण दिलं खर्चाचं. नियम लागू करायला जेवढा खर्च येईल तेवढा फायदा नाही, असा हिशोब मांडला गेला. माणसं नसलेल्या विमानात पुढे दोन माणसं बसलेली असतात, ती त्या हिशोबात फार थोडी ठरली. हे नियम लागू व्हायच्या आधीच, १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे पाचच्या आत, यूपीएसचं एक मालवाहू विमान अलाबामातल्या बर्मिंगहॅमला उतरताना टेकडीवर आदळलं. दोघेही वैमानिक गेले. चौकशीत इतर चुकांबरोबर थकव्याचाही उल्लेख आला. आणि त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात ते दोघे याच विषयावर बोलत होते, की प्रवासी वैमानिकांना एक नियम आणि आपल्याला दुसरा का. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

प्रवासी वैमानिकांची स्थिती फार सुखाची आहे असंही नाही. आपल्याकडे २०२५ मध्ये विश्रांतीचे नवे नियम दोन टप्प्यांत आले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा आली. डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीचं गणित कोलमडलं, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि त्या कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. वैमानिकाची झोप ही अजूनही आपल्याला खर्चाची बाब वाटते.

माझं मत असं. माल की माणसं, हा प्रश्नच नव्या वैमानिकाने विचारू नये. त्याने विचारावं, विमान कोणतं? तास किती? करार किती वर्षांचा, आणि मधेच सोडलं तर किती पैसे भरायचे? आणि सर्वांत आधी, सलग किती रात्री, आणि त्यानंतर किती विश्रांती, हे लेखी देता का? या प्रश्नांची उत्तरं चांगली असतील तर माल घ्यावा, ताठ मानेने घ्यावा. नसतील तर माणसं असली तरी नको. आणि सरकारने एवढं करावं, की मागे कोण बसलंय हे न बघता पुढे बसलेल्याच्या झोपेचे तास मोजावेत. थकवा हा खोक्यांना येत नाही, माणसालाच येतो.

नातीला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, "माझा पहिला सल्ला मी परत घेतो. निर्णय तुझा." तिने मालवाहू कंपनीला फोन करून रात्रींचा प्रश्न विचारला, उत्तर लेखी मागितलं, ते आलं. मग तिने होकार कळवला. तीन वर्षांनी पुन्हा बघू, म्हणाली. सूनबाई दोन दिवस गप्प होत्या, आता डब्याचं विचारायला लागल्या आहेत.

घरच्यांचंही एक काम आहे, ते मी सगळ्यांना बसवून सांगितलं. ती घरी येईल तेव्हा तिची सकाळची अकराची वेळ म्हणजे आपली रात्रीची तीनची. त्या वेळी फोन नाही, बेल नाही, 'जरा दोन मिनिटं बाहेर ये, पाहुणे आलेत' नाही. लग्नकार्याला ती आली नाही तर तोंड वाकडं करायचं नाही.

आणि काल बाजारात जाऊन तिच्या खोलीसाठी जाड, काळं पडद्याचं कापड घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "काका, एवढा अंधार कशाला?" त्याला सांगितलं, "घरात रात्रपाळीचं माणूस आहे."