पेन ड्राइव्ह तयार आहे म्हणे!

मागच्या महिन्यात कराडहून आत्याचा फोन आला. "अरे, लॅपटॉप सारखा तेच तेच करतोय." म्हणजे दुरुस्तीची तयारी चालू असल्याचं येतं, गोल फिरतं, अंधार होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. आदल्या रात्री अपडेट चालू असताना आत्यानं कंटाळून पॉवरचं बटण दाबून धरलं होतं. "किती वेळ वाट बघायची माणसानं?" हा वर खुलासा.

तो लॅपटॉप घेऊन द्यायला मीच गेलो होतो. तेव्हाच एक रिकव्हरी ड्राइव्ह करून ठेवायला हवा होता. "नंतर करू गं, पेन ड्राइव्ह आणलेला नाही आत्ता," असं मी म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं. आत्यालाही आठवत असणार, पण ती बोलली नाही. आतोबांनी जाण्याआधी दोन वर्षं बसून आपल्या आठवणी टाइप केल्या होत्या, शंभरेक पानं. ती एकुलती एक फाइल त्याच लॅपटॉपवर होती. तेव्हा माझा लॅपटॉप आणि दोन पेन ड्राइव्ह घेऊन शनिवारी सकाळी एसटी पकडली.

आता पुढचं सगळं सांगतो, कारण माझ्यासारखे "घरातले कॉम्प्युटरवाले" हा ब्लॉग वाचतात. विंडोजमध्येच रिकव्हरी ड्राइव्ह बनवण्याची सोय असते. वाटलं, आपल्या लॅपटॉपवर बनवू आणि निदान त्यातली दुरुस्तीची साधनं तरी आत्याच्या मशीनवर वापरू. तर माझ्याच लॅपटॉपनं सांगितलं, काही आवश्यक फाइली सापडत नाहीत, ड्राइव्ह बनवता येणार नाही. शोधल्यावर कळलं की विंडोजचा दुरुस्तीचा भाग एका लहानशा वेगळ्या पार्टिशनमध्ये असतो, आणि सी ड्राइव्ह मोठा करायच्या नादात ते पार्टिशन मी स्वतः कधीच उडवलेलं आहे. (हे वाचून हसणाऱ्यांनी आधी स्वतःचं तपासावं.)

मग विंडोजची आयएसओ फाइल. पाच जीबीहून मोठी, उतरवताना माझा आणि शेजारच्या मुलाचा असा दोन मोबाइलचा डेटा संपला. आतल्या फाइली पेन ड्राइव्हवर टाकायला गेलो, तर एक फाइल फार मोठी आहे म्हणून अडली. कारण साधं आहे. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, मग ड्राइव्हवर जागा कितीही मोकळी असो. विंडोजची मुख्य फाइल हल्ली त्याहून मोठी असते. ठीक, एनटीएफएस केलं. सगळं गेलं. आत्याच्या लॅपटॉपला लावलं, एफ१२ दाबून बूट मेनू काढला, तर त्यात पेन ड्राइव्हचं नावच नाही! नव्या मशीनमधलं यूईएफआय फॅट ओळखतंच, एनटीएफएस मात्र बऱ्याच मशीनमध्ये ओळखत नाही. म्हणजे फॅट३२ला फाइल चालत नाही आणि एनटीएफएस मशीनला चालत नाही.

यावर तोड म्हणजे रुफस नावाचा छोटासा फुकट प्रोग्रॅम. तो पेन ड्राइव्हवर एक चिमुकला फॅटचा भाग करतो, त्यात एनटीएफएस वाचायची सोय ठेवतो आणि सुरुवात तिथून करवतो. केलं. शेवटी हिरवी पट्टी भरली, तयार आहे असं आलं. मी आत्याला "झालं" म्हणून सांगून टाकलं, पोहेही खाल्ले.

झालं नव्हतं. बूट व्हायला लागला आणि अर्ध्यात एक फाइल खराब आहे म्हणून थांबला. पुन्हा बनवला, पुन्हा तेच. तासभर मी लॅपटॉपला दोष देत होतो. शेवटी दुसऱ्या एका प्रोग्रॅमनं पेन ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून पाहिला. वर ६४ जीबी छापलेलं, आत खरी जागा जेमतेम चार. एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर स्वस्तात मिळाला म्हणून घेतला होता. असे ड्राइव्ह वरचा आकडा बिनदिक्कत सांगतात, लिहिलेलं सगळं घेतल्यासारखं करतात आणि जागा संपल्यावरचं गिळून टाकतात. तक्रार नाही, चूक नाही.

मला खरं म्हणजे इथेच बोलायचं आहे. १९९९ साली आमच्याकडे पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर आला, विंडोज ९८. तो जोडून देणारा मुलगा जाताना एक स्टार्टअप फ्लॉपी बनवून द्यायचा. १.४४ एमबीची ती फ्लॉपी. बाबा म्हणाले, "झालं ना, बस, चहा घे." तर तो म्हणाला, "थांबा काका." फ्लॉपी आत घातली, मशीन बंद करून चालू केलं, काळ्या पडद्यावर ए आलेलं बाबांना दाखवलं, आणि मग चहाला बसला. आम्हाला वाटलं, शायनिंग मारतोय.

आज तसं कुणी करत नाही, मीही केलं नाही. पट्टी भरली की काम झालं असं आपण धरून चालतो. पण पट्टी एवढंच सांगते की लिहायचं काम संपलं. ते नीट लिहिलं गेलं का, हे मशीन त्या ड्राइव्हला ओळखेल का, हे तिला माहीतच नसतं. ते एकाच मार्गानं कळतं: मशीन चांगलं चालत असताना त्यावरून एकदा चालू करून बघायचं. दोन मिनिटं लागतात. माझं स्पष्ट मत आहे की ही दोन मिनिटं दिली नसतील, तर रिकव्हरी ड्राइव्ह आहे असं कुणाला सांगूच नये. नसलेला ड्राइव्ह परवडला, माणूस निदान सावध तरी असतो.

असो. दुसरा पेन ड्राइव्ह खरा निघाला आणि त्यावरून लॅपटॉप उठला. उठल्या उठल्या त्यानं डिस्क उघडायला बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागितली! हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात ठेवली जाते. आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण खात्याचा पासवर्ड तिनं दुधाच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर लिहून ठेवला होता. पासवर्ड वहीत लिहू नये असं मी तिला दहादा सांगितलं आहे. शब्द मागे घेतो.

किल्ली घातल्यावर आधी कमांड प्रॉम्प्टवरून नोटपॅड उघडलं. त्याच्या 'ओपन'च्या खिडकीतून फाइली कॉपी करता येतात, ही जुनी युक्ती. आतोबांची फाइल बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मगच दुरुस्तीला हात लावला. रिकव्हरी ड्राइव्ह विंडोज उभं करतो, तुमच्या फाइली त्यात नसतात. त्याच्यावरून सगळं नव्यानं टाकलं तर त्या जातातसुद्धा. हे अनेकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगतो. अर्धवट राहिलेलं अपडेट काढून टाकल्यावर लॅपटॉप चालू झाला.

मग बाजारातून बिलासकट ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला आणि आत्याच्याच लॅपटॉपवर, सिस्टिम फाइलींची खूण करून, रिकव्हरी ड्राइव्ह बनवला. दीड तास लागला. बंद केला, एफ१२, निळ्या पडद्यावर कीबोर्ड निवडायला आला.

"परत बिघडला का रे?" आत्या घाबरून म्हणाली.

"नाही, हे बघायलाच लावला होता."

तिनं त्यावर चिकटपट्टीनं नाव लावलं आणि तो गॅसचं पुस्तक अन् घराच्या जादा किल्लीच्या डब्यात ठेवला. निघताना मला विचारते, "तुझ्या लॅपटॉपचा केलास का?"

माझ्यात ते पार्टिशनच नाही, हे तिला कसं सांगणार? रविवारी बसतोय.