फोटोपास आणि फोटो

मुंबईतील झोपडवस्त्यांची गणना १९७६ मध्ये झाली आणि नोंद झालेल्या कुटुंबांना ‘फोटोपास’ देण्यात आले. या शहरातील असंख्य श्रमिकांच्या लेखी छायाचित्राचा अर्थ तेव्हापासून एकच राहिला: आपण येथे राहतो, याचा पुरावा. तो पास पत्र्याच्या पेटीत जपून ठेवणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याचे सामर्थ्य कोणी शिकवावयास नको.

आज त्याच वस्त्यांतून सुट्टीच्या दिवशी हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकार हिंडत असतात. धारावीच्या कुंभारवाड्यातील भट्ट्यांचा धूर, मोहम्मद अली रोडवरील रमझानची रोषणाई, लालबागच्या चाळींचे कठडे ही त्यांची आवडती दृश्ये. या वर्दळीला नाक मुरडण्याचे कारण नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मुंबईचे मोहल्ले एकमेकांपासून अधिकच तुटले. परस्परांच्या गल्लीत पाऊल न टाकणाऱ्या नागरिकांना परस्परांचे जीवन दाखविणारे छायाचित्रासारखे दुसरे साधन विरळा. परंतु मुसलमान केवळ सणाच्या रोषणाईत, कुंभार केवळ धुराआड आणि गिरणी कामगार केवळ पडक्या चाळीच्या सज्जात दिसू लागला, तर विविधता उरते ती वेशभूषेची. मजुरी, भाडे, पाण्यासाठीची रांग ही जी सर्वांची समान व्यथा, ती चौकटीबाहेरच राहते.

अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांचे मुंबईच्या फॉकलंड रोडवरील वेश्यावस्तीविषयीचे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभी तेथील स्त्रियांनी त्यांना शिव्या दिल्या, अंगावर कचरा फेकला. अनेक वर्षे त्या परत परत गेल्या, तेव्हा कोठे दारे उघडली. त्यांची चिकाटी आणि त्यांच्या कामातील आस्था निर्विवाद आहे. तरीही त्या स्त्रियांचे, त्यांतील कोवळ्या मुलींचेही, चेहरे जगभर गेले. त्याचा जाब विचारण्याचे साधन त्यांच्यापाशी काय होते?

याच शहरात सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. गटारात उतरणारा, कचऱ्याच्या ढिगात उभा असलेला आणि घरी आपल्या कुटुंबात बसलेला माणूस त्यांत एकच आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या दलितांच्याच वाट्याला का येते, हा प्रश्न ती छायाचित्रे टाळू देत नाहीत. गरिबी ‘सुंदर’ टिपणे आणि अन्यायाची साक्ष देणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

हे अंतर आज विशेष महत्त्वाचे आहे. धारावीत पुनर्विकासासाठी २०२४ मध्ये घरोघर सर्वेक्षण सुरू झाले. तेथेच विनामूल्य घर मिळावयाचे, तर १ जानेवारी २००० पूर्वीपासूनचे वास्तव्य कागदोपत्री सिद्ध करावे लागते. म्हणजे ज्याचा चेहरा प्रदर्शनांच्या भिंतींवर झळकला, तोच माणूस पात्रतेच्या यादीत नसणे सहज शक्य आहे. शहराला त्याचे चित्र हवे, तो मात्र नको, हा व्यवहार समाजवाद्यांनी मुकाट्याने पाहावयाचा काय?

रस्त्यावर छायाचित्र काढण्यास कायदा सहसा आड येत नाही, एवढ्याने नैतिक जबाबदारी संपत नाही. छायाचित्रकाराने नाव विचारावे, नकाराचा मान राखावा आणि काढलेले चित्र ज्याचे त्याला नेऊन द्यावे. कार्यकर्त्यांचे काम याहून पुढचे आहे. ही चित्रे कलादालनात जाण्यापूर्वी त्याच वस्तीच्या समाजमंदिरात लागली पाहिजेत. तेथून डोंगरीची चित्रे लालबागला आणि लालबागची डोंगरीला गेली पाहिजेत. वस्तीतील मुलामुलींच्या हाती आता मोबाईलच्या रूपाने कॅमेरा आलाच आहे. तुंबलेले गटार, पाडलेली झोपडी, कोरडा नळ यांची तारखेनिशी नोंद ठेवण्यास त्यांना शिकविले, तर फोटोपासच्या वेळी जो केवळ कॅमेऱ्यासमोर उभा होता, तोच उद्या कॅमेऱ्यामागे उभा राहील आणि आपली साक्ष आपणच देईल.