रानटी कोणास म्हणावें?

रोमचें पश्चिमेकडील साम्राज्य इ. स. ४७६ मध्यें लयास गेल्यावर युरोपांत गॉथ, फ्रँक, अँग्लो-सॅक्सन इत्यादि लोकांचा अंमल बसला. इतिहासाच्या पुस्तकांतून त्यांस ‘रानटी’ हें एकच विशेषण लाविलेलें पुष्कळदां आढळतें. विद्यार्थी तें पाठ करितात व पुढें जातात. आमच्या मतें या शब्दाचा फेरविचार होणें अवश्य आहे.

१९३९ सालीं इंग्लंडांतील सफोक परगण्यांत सटन हू येथें एका टेकाडाखालीं सातव्या शतकाच्या आरंभींचें, जहाजासह केलेलें एक दफन सांपडलें. त्यांतील वस्तु ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. कमरपट्ट्याचें सोन्याचें बक्कल सुमारें ४१३ ग्रॅम वजनाचें असून त्यावर तेरा प्राणी एकमेकांत गुंफलेले आहेत. वरवर पाहणारास ती केवळ वेलबुट्टी वाटते. निरखून पाहावें तेव्हां एकेक डोळा व जबडा प्रकट होतो. खांद्यावर वस्त्र अडकविण्याच्या आकड्यांचें काम याहूनहि नाजूक आहे. सोन्याचीं चिमुकलीं कोंदणें करून त्यांत तामडा या लाल खड्याचे पातळ काप बसविले आहेत. कापाखालीं बारीक नक्षी ठसविलेला सोन्याचा वर्ख आहे. त्यावरून प्रकाश परतावा व खडा आंतून पेटल्यासारखा दिसावा, ही त्यांतील योजना. हें ज्ञान कारागिरानें ग्रंथांत लिहून ठेविलें नाहीं. तें त्याच्या बोटांत होतें.

पांचव्या व सहाव्या शतकांत पश्चिम युरोपांतील दागिन्यांत जडविलेले पुष्कळ तामडे भारतांतून व श्रीलंकेंतून गेले होते, असें परीक्षणान्तीं ठरलें आहे. इतक्या दूरच्या व्यापाराशीं ज्यांचा संबंध होता, त्यांस रानांतले कसें म्हणावें? ते लुटालूट करीत, गुलाम बाळगीत, हें खरें. परंतु रोमन लोकहि तेंच करीत. भेद इतकाच कीं, रोमन लोकांच्या हातीं लेखणी होती.

लेखणीची विद्या तीच विद्या, हा समज आमच्यांतहि रुजला आहे. मुलानें कानस किंवा हातोडा हातीं धरिला कीं, ‘एवढें शिकून हेंच का?’ असें आपण विचारतों. परंतु निर्गमाच्या ३१ व्या अध्यायांत देवानें बसालेलास आपल्या आत्म्यानें भरलें, तें सोन्या-रुप्याचें व पितळेचें काम करण्यासाठींच. फ्रँक राजांच्या पदरीं असलेला एलिजिअस हा सोनारच होता. तोच ६४१ सालीं नोयाँचा बिशप झाला व पुढें संत गणला गेला.

यास्तव विद्यार्थ्यांनीं ‘रानटी’ हा शब्द वाचतांना तो कोणीं लिहिला, हें आधीं विचारावें. आणि पालकांनीं आपल्या मुलांच्या हातांस कमी लेखूं नये.