गरिबी सीमा ओलांडते, योजना मात्र वेशीवरच थांबतात

दिवाळीच्या आगेमागे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, चिकोडी, रायबाग पट्ट्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येऊन दाखल होतात. त्याच दिवसांत खानापूरकडचे गवंडी आणि सेंट्रिंगवाले चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला असतात. निपाणी परिसरातले कामगार कागल, इचलकरंजीकडे ये-जा करतात. म्हणजे सीमाभागात पोटासाठी राज्य बदलणं ही रोजची गोष्ट आहे. पण गरिबांसाठीच्या बहुतेक योजना माणूस राहतो कुठे, काम करतो कुठे, हे न पाहता त्याच्या कागदावरचा पत्ता पाहतात. सीमेवरची गरिबी हटत का नाही, याचं एक मोठं कारण इथं आहे.

सरासरीत न दिसणारी माणसं

नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकानुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्रात 7.81 टक्के, कर्नाटकात 7.58 टक्के आणि गोव्यात 0.84 टक्के लोक गरीब होते. देशाची सरासरी 14.96 टक्के होती. म्हणजे कागदावर आपली तिन्ही राज्यं बऱ्यापैकी सुस्थितीत. मध्य प्रदेशातलं प्रमाण 20.63 टक्के, गुजरातचं 11.66 आणि तेलंगणाचं 5.88 टक्के.

हा निर्देशांक फक्त उत्पन्न मोजत नाही. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान अशा तीन अंगांनी तो कुटुंबाकडे पाहतो. आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचं नेमकं याच तीन ठिकाणी मोडतं. अंगणवाडी सुटते, शाळा सुटते आणि घराच्या जागी पाचटाची कोपी येते. राज्याची सरासरी सुधारली तरी पाच-सहा महिने दुसऱ्या राज्यात काढणाऱ्या या कुटुंबाची अवस्था त्यात उमटतेच असं नाही.

उचल आधी मिळते, हमी नंतर

माणसं गाव सोडतात ती हौसेनं नाही. कमी पाऊस, तुकडा-तुकडा झालेली किंवा नसलेलीच जमीन आणि हंगामानंतर गावात काम नाही, ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. मग रोजगार हमी कुठे कमी पडते? देशाला ही कल्पनाच महाराष्ट्रानं दिली. राज्याचा कायदा 1977 चा, केंद्राचा त्यानंतर 28 वर्षांनी, 2005 मध्ये आला.

अडचण फक्त मजुरीच्या दराची नाही, वेळेचीही आहे. मुकादम उचल देतो ती हंगामाच्या आधी, एकरकमी. त्यातून लग्नाचं, दवाखान्याचं, जुन्या देण्याचं भागतं. हमीचं काम आधी मागावं लागतं आणि पैसे काम झाल्यावर, बऱ्याचदा उशिरा येतात. हातात आज पैसा हवा असलेला माणूस मुकादमाकडेच जाणार.

एकदा उचल घेतली की हंगामभर ती फेडायची. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रात तोडणीदरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साधारण 366 रुपयांवर गेला. एका जोडप्यानं, म्हणजे एका कोयत्यानं, दिवसाला दोन टन तोडले तर दोघांचे मिळून 732 रुपये होतात, आणि तेही उचलीत वळते होतात. शिवाय हा करार महाराष्ट्रातल्या कारखान्यांपुरता. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे घेतला जाणारा निधीही तिथल्याच कारखान्यांकडून येतो. तोच कोयता सीमा ओलांडून कर्नाटकातल्या फडात चालू लागला की ना तो करार लागू, ना तिथल्या टनावर तो निधी.

हमीच्या मजुरीतही सीमा आहेच. 2025-26 साठी दिवसाचा दर महाराष्ट्रात 312, कर्नाटकात 370 आणि गोव्यात 378 रुपये होता. म्हणजे निपाणीच्या अलीकडे आणि कागलच्या पलीकडे त्याच मातीत तेवढंच खोदायचं, तरी 58 रुपयांचा फरक.

सरकतं काय, अडकतं काय

रेशनच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून राज्याबाहेरही रेशन मिळायला सुरुवात झाली आणि 2022 च्या मध्यापर्यंत ‘एक देश, एक रेशनकार्ड’ सगळ्या देशात लागू झालं. बीडचं कार्ड अथणीच्या दुकानातही चालतं. अर्थात, कार्डधारकाला ते माहीत असेल, अंगठा जुळेल आणि दुकानात साठा असेल तर.

पण सरकतं ते फक्त केंद्राचं धान्य, प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो. राज्यानं स्वतःच्या खिशातून दिलेली भर राज्यातच राहते. कर्नाटकची ‘अन्नभाग्य’मधली जादा मदत गोव्यात कामाला गेलेल्याला तिथल्या दुकानात मिळत नाही.

रोख योजनांचं गणित थोडं वेगळं आहे. ‘गृहलक्ष्मी’चे 2,000 किंवा ‘लाडकी बहीण’चे 1,500 रुपये बँक खात्यात येतात, त्यामुळे बाई कुठेही असली तरी पैसे पोचतात. अडचण पात्र ठरण्याची आहे. गोव्याच्या ‘गृह आधार’साठी 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. दहा वर्षं गोव्यात राबलेली बाई तिथं पात्र नाही, आणि गावाकडचं कार्ड बंद झालेलं असेल तर तिकडेही नाही.

सीमाभागातल्या सोयरिकींचंही तेच. बेळगावची मुलगी कोल्हापूरला नांदायला गेली की आधी माहेरच्या कार्डावरचं नाव कमी करायचं आणि मग सासरच्या कार्डावर चढवायचं. ‘लाडकी बहीण’मध्ये अशा सुनांसाठी नवऱ्याची कागदपत्रं ग्राह्य धरली, हे चांगलं झालं. रेशनमध्ये मात्र इष्टांकाची भिंत आहे. अन्नसुरक्षेचा महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे सात कोटींचा, आणि तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला. जागा नसेल तर एका राज्यात कमी झालेलं नाव दुसऱ्या राज्यात लगेच लागत नाही. ई-श्रमवर नोंद असलेल्या पण कार्ड नसलेल्या मजुरांना रेशनकार्ड द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं, ते उगाच नाही.

शाळा आहे, पोरं फडात आहेत

सगळ्यात लांबचा परिणाम पोरांवर होतो. अर्धं वर्ष शाळा बुडालेलं मूल पुढे कोयताच हातात घेतं आणि गरिबी वारशानं पुढे जाते. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्येही वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. अडचण भाषेची. मराठी मूल कन्नड शाळेत बसवलं तर चार महिने नुसतं बसूनच राहणार.

इथं सीमाभागाकडे एक वेगळीच जमेची बाजू आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, तर जत, अक्कलकोटकडे कन्नड माध्यमाच्या. हंगामापुरती फडातून शाळेपर्यंत वाहनाची सोय केली तरी दोन्हीकडच्या मुलांचं वर्ष वाचेल. अंगणवाडीसाठी पोषण ट्रॅकरमध्ये नोंद दुसरीकडे हलवण्याची सोय आहेच. ती वापरायला फडातल्या कोप्यांची यादी सेविकेच्या हातात पडली पाहिजे. ही यादी कारखान्याकडे असते, मुकादमाकडे असते. सरकारकडे नसते.

पैसे कोणी द्यायचे?

‘दुसऱ्या राज्याच्या माणसांचा भार आमच्या तिजोरीवर का?’ हा प्रश्न चुकीचा नाही. गोव्यानं 2018 मध्ये गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं ते याच मुद्द्यावर. 2023 मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली, तेव्हा कर्नाटकनं हरकत घेतली. दोन्ही वेळा रुग्णापेक्षा हद्दीची चर्चा जास्त झाली.

उत्तर फार अवघडही नाही. ज्याचा रहिवासी, त्या राज्यानं खर्च सोसावा आणि जिथं तो राबतो त्या राज्यानं सेवा द्यावी. हिशेब वर्षअखेरीस चुकता करावा. रेशनमध्ये ई-पॉस यंत्रावर दुबार उचल पकडता येते, मग उपचारात आणि पोषणात का नाही? सुरुवात तीन गोष्टींनी करता येईल. टोळी निघण्याआधी गावातच नोंद, ती यादी हंगामाआधी दुसऱ्या राज्याच्या जिल्हा प्रशासनाकडे, आणि मुकादमाच्या उचलीला पर्याय म्हणून बचत गट किंवा बँकेतून हंगामपूर्व कर्ज.

यासाठी सीमावादाचा निकाल लागायची वाट पाहायची गरज नाही. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि विजयपूरचे जिल्हाधिकारी एका टेबलाशी बसले तरी बरंच काम होईल.

घाई मात्र आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे ऐन गाळप हंगाम. आजवरच्या पद्धतीनुसार मोजणीच्या संपूर्ण काळात घराबाहेर असलेल्या माणसाची नोंद तो जिथं सापडेल तिथं होते. त्यामुळे बीडचं कार्ड असलेल्या कुटुंबाची डोकी कर्नाटकात मोजली जातील, आणि फडातल्या कोपीपर्यंत प्रगणक पोचलाच नाही तर कुठेच नाही. रेशनचा पुढचा इष्टांक याच आकड्यांवर ठरण्याची शक्यता आहे. 2011 च्या मोजणीचे परिणाम लोक अजून भोगताहेत. 2027 मध्ये सुटलेलं नाव किती वर्षं बाहेर राहील, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.