सुगी झाल्यावर बघू



मागल्या महिन्यात डोळे दाखवायला मुंबईला गेले होते. मुक्काम माहुलला, जुन्या ओळखीच्या एका कोळीणबाईंकडे. त्यांनी नाव छापू नका म्हणून बजावलं आहे, तेव्हा आपण त्यांना नुसतं मावशी म्हणू.

माहुल म्हणजे चेंबूरच्या पुढे, खाडीला लागून असलेलं कोळ्यांचं जुनं गाव. 1954-55 च्या सुमाराला या भागात तेल शुद्ध करायचे कारखाने उभे राहिले. आज एका अंगाला तेलाच्या टाक्या न् धुराडी, दुसऱ्या अंगाला खाडीचा चिखल, आणि मधे कोळीवाडा. हिवाळ्यात त्या चिखलात गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पूर्वी ह्याच खाडीत निवट्या, कोलंब्या, चिंबोऱ्या पाटी भरून मिळायच्या. आता तशी मासळी राहिली नाही, असं मावशी सांगतात. पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायचं, माल घ्यायचा आणि दारोदार विकायचा. चाळीस वर्षं हेच चाललंय.

त्या संध्याकाळी मावशींनी ओले बोंबील आणले होते. कालवण इतकं सोपं की लिहून घ्यावं. तेलात ठेचलेला लसूण परतायचा, हळद आणि घरचा मसाला टाकायचा, चिंचेचा कोळ, मीठ आणि जरासं पाणी. जरासंच, कारण बोंबील स्वतः पाणी सोडतो. उकळी फुटली की तुकडे सोडायचे, वर कोथिंबीर, आणि पाच-सात मिनिटांत उतरवायचं. डाव घालायचा नाही. मासा लोण्यासारखा मऊ, लगेच मोडतो. फडक्याने टोप धरून नुसता गरगर फिरवायचा. आपल्याकडे देशावर ओले बोंबील कुठले मिळायला? बाजारचे सुके घ्या, तव्यावर जरा शेकून कोमट पाण्यात भिजत घाला, मग हेच कालवण करा. चव निराळी येते, पण भाकरीबरोबर झकास लागतं.

तर मावशी परातीत तांदळाचं पीठ घेऊन बसल्या होत्या. आधण व्हायचं होतं. एकदम म्हणाल्या, “मास्तरीणबाई, माझं नाव कसं लिहितात ते दाखवा ना.”

आणि मी काय म्हटलं असेल? “जेवण झाल्यावर बघू.”

मावशी हसल्या. लग्न झालं तेव्हा त्यांनी नवऱ्याला हेच विचारलं होतं. तो म्हणाला, नारळी पुनव होऊ दे. पुनव झाली, होड्या समुद्रावर गेल्या, राहिलं. पुढे मुलगा शाळेत जायला लागला, त्याला विचारलं. तो म्हणाला, माझी परीक्षा होऊ दे. मग सुनेची बाळंतपणं. नवरा गेला, तेव्हा बँकेच्या कागदावर अंगठा उठवताना पाठीमागच्या रांगेतली माणसं बघत होती, ते त्या अजून विसरल्या नाहीत.

ऐकताना मला माझी आई आठवली. मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची अक्षरं गिरवून घेतली. आई म्हणायची, मलाही हरिपाठ आपल्या डोळ्यांनी वाचायचाय गं. मी म्हणायची, सुगी झाल्यावर बघू, आई. सुगीमागून सुग्या गेल्या. आई गेली तेव्हा पोथी तिच्या उशाशी होती, फडक्यात बांधलेली. शेतातली कामं तिने कधी माझ्यासाठी थांबवली नव्हती असं नाही. शाळेच्या फीसाठी तिने शेळी विकली होती. तिच्यासाठी मला रोजची पाव घटकाही सापडली नाही. आपण म्हणतो, बायका आपली हौस मागे टाकतात. खरं आहे. पण पुष्कळदा ती मागे टाकणारे हात घरातल्या दुसऱ्यांचेच असतात, आणि आमच्या घरात ते माझे होते.

उठले आणि मावशींच्या समोर बसले. परातीतलं पीठ हाताने सारखं केलं. पूर्वी पोरं धूळपाटीवर शिकायची, तशीच ही पीठपाटी. मी बोटाने अक्षर काढलं, मावशींनी त्यावरून बोट फिरवलं. मग पुसलं, पुन्हा काढलं. मासे साफ करून त्यांची बोटं कातरलेली, पण फिरली मोठ्या ऐटीत.

मग मी त्यांना फांगणे गावाची हकिकत सांगितली. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातलं हे गाव. 2016 च्या शिवजयंतीच्या निमित्ताने तिथल्या म्हाताऱ्या बायकांनी बोलून दाखवलं की आम्हालाही वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते ‘बघू’ म्हणून सोडलं नाही. मोतीराम दलाल ट्रस्टचं साहाय्य मिळालं आणि त्याच वर्षी 8 मार्चला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, सगळ्यांना गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. वेळ दुपारची, घरचं काम उरकल्यावरची. घरी नातवंडं आजीचा अभ्यास घेतात.

“नव्वदीच्या?” मावशींनी दोनदा विचारलं. स्वतःचं वय बासष्ट, ते त्यांना एकदम कमी वाटायला लागलं असावं.

तुमच्या गावात अशी शाळा नसेल. पण पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी सरकारचा ‘उल्लास’ नावाचा साक्षरता कार्यक्रम आहे, 2022 ते 2027 या मुदतीचा. गावच्या शाळेत जाऊन मास्तरांना विचारा. शिकवायला स्वयंसेवक असतात, फी नाही. शेवटी 150 गुणांची परीक्षा असते. वाचन, लेखन आणि आकडेमोड, प्रत्येकी 50. पास झालं की प्रमाणपत्र मिळतं. आजीला चष्मा लागत असेल तर तो मात्र आधी करून द्या. अक्षर दिसतच नसलं तर बिचारी स्वतःला मठ्ठ समजते, आणि दोन दिवसांत पाटी ठेवून देते.

या सगळ्यात चुलीवरच्या टोपाकडे दोघींचं लक्ष नव्हतं. बोंबील पार विरघळले. कालवणात काटे तेवढे ओळखू येत होते. सून आली, टोपात डोकावली आणि म्हणाली, “आई, हे काय केलंत?” मावशींनी तिला परात दाखवली. त्यांचं नाव चार अक्षरी आहे, पैकी दोन पिठात नीट उमटली होती. सुनेने ते पीठ मोडलं नाही. डब्यातलं दुसरं घेऊन भाकऱ्या केल्या, आणि आम्ही रस्साच भाकरीवर ओतून जेवलो.

परवा मला माहुलहून पोस्टकार्ड आलं. मजकूर नातवाच्या हातचा. खाली सही चार अक्षरांची, तिसरं अक्षर उलटं.

तुमच्या घरात असं कोणी काही मागत असेल, तर मला कळवा. पत्र त्यांच्या हातचं असेल, तर वाकडंतिकडं असलं तरी चालेल.