दिवा विझला, दोष राहिला

मोटारीच्या डॅशबोर्डवरील इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा आता बहुतेक वाहनधारकांच्या परिचयाचा झाला आहे. तो सतत पेटलेला राहिला, तर मालक निमूटपणे गॅरेजची वाट धरतो. खरी पंचाईत होते ती हा दिवा मनाला येईल तेव्हा पेटतो आणि मनाला येईल तेव्हा विझतो तेव्हा. बंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरम येथील वाहनधारकांना हा अनुभव नवा नसावा. जुना मद्रास रस्ता, बाह्य वळण मार्ग आणि व्हाइटफील्डकडे जाणारी वाहने या परिसरात एकत्र येतात. लोहमार्गावर २००३ मध्ये तारांनी तोललेला ‘हँगिंग ब्रिज’ झाला, २०२३ मध्ये मेट्रोही आली. परंतु टिन फॅक्टरीजवळची रांग काही संपली नाही. अशा रांगेत इंजिन तापते, गाडी एखादा आचका देते आणि दिवा पेटतो. शनिवारी गॅरेजमध्ये नेईपर्यंत मात्र तो विझलेला असतो. मेकॅनिक चक्कर मारून येतो आणि ‘गाडी ठीक आहे’ असे सांगतो. दिवा विझला म्हणजे दोष गेला, हा समज येथूनच रुजतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. भारतात भारत स्टेज ४ मानकांच्या चारचाकींना एप्रिल २०१० पासून स्वनिदान यंत्रणेचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. या यंत्रणेत इंजिनाचा नियंत्रक संगणक निरनिराळ्या सेन्सरांकडून येणारे संकेत अखंड तपासतो. एखादा संकेत मर्यादेबाहेर गेला, की तो त्याची सांकेतिक क्रमांकाने नोंद करतो. लागोपाठच्या तीन फेऱ्यांत दोष पुन्हा आढळला नाही, तर सामान्यतः दिवा आपोआप विझतो. नोंद मात्र त्यानंतरही बराच काळ स्मृतीत राहते. दोष उद्भवला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान आणि भार यांचे टिपणही तिच्यासोबत असते. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचा तोच पहिला पुरावा होय.

दुर्दैवाने हाच पुरावा सर्वप्रथम नष्ट केला जातो. स्कॅनर जोडायचा, कोड पुसायचा आणि दिवा विझवून गाडी परत द्यायची, ही पद्धत सर्रास आढळते. हिशेबात न जुळणारी रक्कम शोध न घेता उचंत खात्यात टाकून ताळेबंद जुळवावा, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की उचंत खात्यात रक्कम निदान दिसत तरी राहते. पुसलेल्या कोडासोबत त्या क्षणीचे टिपणही नाहीसे होते.

दुसरी चूक याहून महाग पडते. कोड म्हणजे निकाल, असे मानून सुटा भाग बदलला जातो. उदाहरणार्थ, पी ०३३५ हा कोड क्रँकशाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या ‘सर्किट’विषयी आहे, केवळ सेन्सरविषयी नव्हे. त्या सर्किटमध्ये सेन्सर, त्याच्या तारा, कनेक्टर, अर्थिंग आणि खुद्द संगणक हे सर्व येते. कनेक्टरमधील एक पिन सैल असेल, तर नवा सेन्सर बसवताना ती हलते, गाडी आठवडाभर नीट चालते आणि नंतर मूळ तक्रार परत येते. तोवर बिल भागवून झालेले असते.

तार तुटते किंवा पिन सैल होते त्याची कारणेही साधीच असतात: उष्णतेने ताठर झालेले आवरण, हादऱ्यांनी घासलेली तार, गंजलेले अर्थिंग, उंदरांनी कुरतडलेले वायरिंग आणि ओलावा. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूच्या बाह्य वळण मार्गावर आणि लगतच्या वसाहतींत पाणी साचले, तेव्हा अनेक मोटारी बुडाल्या. अशी गाडी धुऊन-वाळवून सुरू झाली, तरी कनेक्टरच्या आत शिरलेल्या पाण्याचा गंज काही महिन्यांनीही डोके वर काढू शकतो.

असा दोष शोधण्याची रीत चिकाटीची आहे, गूढ नाही. प्रथम कोड आणि त्या क्षणीचे टिपण लिहून घ्यावे लागते. अनेक कोड एकाच वेळी आले असतील, तर त्या सेन्सरांना समाईक असलेला वीजपुरवठा किंवा अर्थिंग तपासावे लागते. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवरील आकड्यांवर नजर ठेवत, वायरिंग जागोजागी हलवून पाहावे लागते. ज्या उष्णतेत वा ओलाव्यात दोष दिसतो, ती परिस्थिती पुन्हा निर्माण करावी लागते. तारेचा एकच धागा शिल्लक असला, तरी मल्टिमीटर ती अखंड असल्याचे दाखवतो. प्रवाहाचा भार पडताच तीच तार दगा देते. म्हणून भार असताना व्होल्टेज कोठे घटते, हे मोजणे अगत्याचे ठरते. या कामाला दोन तास लागू शकतात आणि अखेरीस दुरुस्ती एका पिनेची निघू शकते.

खरा प्रश्न येथे आहे. पाच हजारांचा सेन्सर बदलल्याचे बिल ग्राहक तक्रार न करता देतो. परंतु ‘दोन तास शोध घेतला, एक पिन घट्ट केली’ या कामाचे हजार रुपये त्याला अन्यायाचे वाटतात. परिणामी प्रामाणिक मेकॅनिकला शोध घेणे परवडत नाही आणि भाग बदलणारा मात्र तगून राहतो. निदानाचे मूल्य नाकारणारा ग्राहक अखेर अनावश्यक भागांच्या रूपाने तेच मूल्य अनेक पटींनी मोजतो. वैद्याच्या तपासणीचे शुल्क समाजाने स्वीकारले आहे. मोटारीच्या बाबतीतही ‘दोषनिदान’ ही बिलातील स्वतंत्र नोंद असावी.

शोधूनही दोष सापडला नाही तर पैसे वाया जातील, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय व्यवहाराचाच आहे: किती तासांपर्यंत शोध घ्यायचा ते आधी ठरवावे आणि काय काय तपासले, कोणते मोजमाप मिळाले, याची लेखी नोंद मागावी. दोष सापडला नाही, तरी कोणत्या गोष्टी निर्दोष आहेत हे त्या कागदावरून कळते आणि पुढचा शोध तेथून सुरू होतो.

वाहनधारकाचेही काही कर्तव्य आहे. दिवा पेटला त्या दिवशीची वेळ, पाऊस की ऊन, इंजिन गार की तापलेले, वेग किती, हे टिपून ठेवावे. दिव्याचे छायाचित्र काढावे. कोड लिहून घेतल्याविना पुसू देऊ नये. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र थांबणेच श्रेयस्कर. तेव्हा इंधन नीट जळत नसते आणि धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ शकतो. जुनी मोटार कर्जाने घेणाऱ्यांनी तर दिवा विझलेला आहे एवढ्यावर समाधान मानू नये. कोड अलीकडेच पुसले असतील, तर यंत्रणेच्या अंतर्गत चाचण्या अपूर्ण असल्याचे स्कॅनर दाखवतो. व्यवहारापूर्वी ती तपासणी करून घ्यावी. कारण कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षे चालतात आणि पुसलेला दोष पहिल्या पावसातही परत येऊ शकतो.